ॲव्हरेज पडलं? कधीपासून, ते आधी सांगा

वाचकांच्या गाड्यांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत एसटीच्या परभणी विभागातून निवृत्त झालेले प्रमुख कारागीर.

प्रश्न : काका, माझ्याकडे २०१८ सालची १०० सीसीची मोटारसायकल आहे, कार्बोरेटरवाली. पाथरीहून सेलूकडच्या शाळेत रोज जाऊन-येऊन पंचावन्न किलोमीटर होतात. गाडी ६४ चं ॲव्हरेज द्यायची, फार तर ६२. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि एकदम ४६ वर आली. टाकी फुल करून पुन्हा पुन्हा मोजलं, आकडा तोच. मिस्त्रीने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटरला किट टाकलं. १,८०० रुपये गेले, फरक काहीच नाही. आता तो म्हणतो, इंजिनाचं बोअर-पिस्टन करावं लागेल, सहा हजार धरून चाला. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, इथेनॉलचं पेट्रोल आहे, यापुढे हेच ॲव्हरेज. सुट्टीत फक्त मागचं टायर आणि मागच्या ब्रेकचे लायनर बदलले होते, बाकी गाडीला कुणी हात लावला नाही. काय करू?
– एक शिक्षक, पाथरी

उत्तर : सर, इंजिन खोलू देऊ नका. निदान आठ दिवस तरी थांबा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात असावं, असं मला वाटतं. तिथे पोचण्याआधी इथेनॉलचं बोलतो, कारण हल्ली प्रत्येक पत्रात ते असतंच.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे इथेनॉलमध्ये तिसरा हिस्सा कमी. २० टक्के इथेनॉल मिसळलं, तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत त्या लिटरमधली ऊर्जा सात टक्क्यांच्या आसपास घटते. १० टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली, तर घट साडेतीन टक्क्यांची. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, १० टक्क्यांच्या हिशेबाने जुळवलेल्या दुचाकींना २० टक्क्यांचं पेट्रोल दिलं तर ३ ते ४ टक्के ॲव्हरेज कमी होईल, असा अंदाज दिला होता. आपण जास्तीचे सात टक्के धरू. ६४ ची गाडी ५९-६० वर यायला हवी. तुमची ४६ वर आली, म्हणजे २८ टक्के घट. उरलेले एकवीस टक्के कुठे गेले? शिवाय २० टक्क्यांचं पेट्रोल काही दिवाळीच्या सुट्टीत आलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते काही पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत बहुतेक सगळीकडे पोचलं. इथेनॉलमुळे ॲव्हरेज कमी होतं हे खरं आहे, पण तो फटका सगळ्यांना सारखा बसतो. स्टाफरूममधल्या बाकीच्यांच्या गाड्या दिवाळीनंतर अठराने पडल्या का, ते विचारा.

आता तारखेबद्दल. एसटीत आम्ही दहा लिटरमागे किती किलोमीटर हा हिशेब ठेवायचो, त्याला केपीटीएल म्हणतात. गाडीचं केपीटीएल दर महिन्याला थोडं थोडं उतरत असेल, तर इंजिन थकतंय असं समजायचं. एका आठवड्यात धाडकन पडलं, तर त्या आठवड्यात गाडीला कुणी हात लावला, ते नोंदवहीत बघायचं आणि चाकांपासून सुरुवात करायची. फेरी करून आलेल्या बसच्या चाकाच्या हबजवळ हात नेला की कोणता ब्रेक धरतोय ते कळायचं. बोअर-पिस्टन सुट्टीच्या वीस दिवसांत झिजत नाही. ते झिजलं असतं तर सायलेंसरमधून निळसर धूर आला असता, डिपस्टिकवर ऑइल कमी दिसलं असतं, सकाळी किकवर किक मारावी लागली असती. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

तुमचे मागचे लायनर नवे बसले. जुने लायनर झिजत जातात तसा ब्रेकरॉडचा नट आपण आत आत घेत जातो. नवे जाड लायनर टाकल्यावर तो नट पुष्कळ बाहेर सोडावा लागतो. गिऱ्हाइकाला ब्रेक कडक लागायला हवा म्हणून काही जण तो तसाच आवळून देतात. गाडी चालते, ब्रेकही छान लागतो, पण लायनर ड्रमला सतत घासत राहतात. दुसरी शक्यता ब्रेक कॅमची, म्हणजे पॅडल दाबलं की फिरून लायनर ड्रमला टेकवणाऱ्या भागाची. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती ड्रममध्ये शिरते, कॅमचा दांडा गंजतो. पॅडलवरून पाय काढला तरी कॅम पूर्ण मागे येत नाही. लायनर बदलताना तो दांडा काढून, घासून, थोडंसं ग्रीस लावून बसवायचा असतो. घाईत हे राहून जातं.

तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये टाका, मागचं चाक हाताने जोरात फिरवा. चेन असल्यामुळे मागचं चाक पुढच्याइतकं मोकळं फिरणार नाही, तरी दोन-तीन फेरे सहज व्हायला हवेत. अर्ध्या फेऱ्यात थांबलं, किंवा घासल्याचा खर्र आवाज एका ठरावीक जागी येत राहिला, तर समजा सापडलं. मग पॅडल हाताने दाबून बघा. ब्रेक धरायला लागण्याआधी पॅडलची दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल हवी. नट सोडून ती चाल आणा आणि चाक पुन्हा फिरवा. नट सोडूनही चाक जडच राहिलं, तर कॅम अडकलाय. त्यासाठी चाक काढावं लागेल.

रस्त्यावरची परीक्षाही करून बघा. सकाळी निघाल्यावर आठ-दहा किलोमीटर मागचा ब्रेक अजिबात न वापरता जा, रस्ता मोकळा असेल तिथेच आणि पुढच्या ब्रेकवर सावकाश. उतरल्यावर मागच्या ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाका. हात लावू नका, भाजेल. पाणी चर्र करून उडालं, तर न वापरलेला ब्रेक तापलाय. रात्री मागून येणाऱ्या एखाद्याला विचारा, तुमचा ब्रेकलाइट उगीच पेटलेला दिसतो का. दिसत असेल, तर एक तर पॅडल पूर्ण वर येत नाही किंवा तुमचा पाय त्यावर टेकलेला राहतो. नवीन, कडक ब्रेक मिळाला की पाय सावध राहतो आणि नकळत पॅडलवर विसावतो, हेही मी बघितलंय.

चाक काढलं की चेनही सुटते, म्हणून तीही बघून घ्या. मधोमध बोटाने उचलली तर दोन ते तीन सेंटिमीटर खेळ हवा. त्यापेक्षा ताठ असेल तर बेरिंग, चेनकिट आणि पेट्रोल तिन्ही जातात. स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, दोन्ही बाजूंना रेघा असतात. चाकाचा ॲडजस्टर दोन्हीकडे सारख्याच रेघेवर असला पाहिजे, नाहीतर चाक तिरकं ओढत राहतं. टायर नवं आहे, तर त्याचा साइझ जुन्यासारखाच आहे ना, हे बाजूच्या आकड्यावरून ताडून बघा. हवा स्वतः काट्यावर मोजा. किती भरायची तो आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, एकट्यासाठी वेगळा आणि मागे माणूस असेल तर वेगळा. टायर बसवताना हवा भरली ती भरली, महिना झाला तरी कुणी बघितली नाही, असं फार होतं.

तुमच्या रस्त्यावर दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अडकत असाल. त्याने ॲव्हरेज दोन-चारने पडतं, आणि हंगाम संपला की परत येतं. म्हणून ब्रेक सुटल्यावर एकदम ६४ आलं नाही, ६० आलं, तर निराश होऊ नका. गाडी बरोबर आहे असं समजा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर दोन गोष्टी राहतात. पहिली गळती. कार्बोरेटर खोलून किट टाकलंय, म्हणजे फ्लोटची, कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई नवी बसली आहे. ती नीट बसली नाही तर रात्रभर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब थेंब पेट्रोल जातं. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे सकाळी जमीन कोरडी. रात्री कार्बोरेटरखाली पुठ्ठा ठेवा, डाग दिसेल. हे जवळ चूल, दिवा नसताना करा. रोज झोपताना पेट्रोल कॉक बंद करण्याची सवयही लावा. गाडी दिवसभर बसस्टँडच्या बाहेर उभी राहत असेल, तर कॉकची नळी ओढून अर्धा लिटर काढून घेणं कुणालाही जमतं. निघताना आणि परतल्यावर टाकीत बघायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मीटरची. तुमच्यासारख्या गाड्यांना मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. तिथला प्लॅस्टिकचा गिअर घसरायला लागला की मीटर कमी किलोमीटर दाखवतो. पेट्रोल तेवढंच जळतं, पण भागाकार चुकतो. सरळ रस्त्यावर किलोमीटरचे दहा दगड मोजा आणि मीटर ताडून बघा. तुमच्या बाबतीत पुढच्या चाकाला कुणी हात लावलेला नाही, म्हणून हे शेवटी सांगतोय.

मोजताना दर वेळी एकच पंप, शक्यतो तेच मशिन, गाडी डबल स्टँडवर, आणि नळी आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचं. मध्ये दोनशे किलोमीटर तरी व्हायला हवेत. पंपाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर असतं, आणि त्यात मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक मान्य असतो, त्याहून जास्त नाही.

हिशेब करून बघितला, तर रोज तुमचं तिसरा हिस्सा लिटर पेट्रोल जास्त जातंय. ते थांबवायला बहुधा एक नट सोडावा लागेल. सहा हजार जपून ठेवा.

प्रश्न : आमची २०१६ ची पेट्रोल फोरव्हीलर आहे. मे महिन्यात हिंगोलीला जाताना गाडी गरम झाली, काटा लाल पट्टीवर गेला. वाटेत एका गॅरेजमध्ये त्यांनी ‘व्हॉल्व्ह’ काढून टाकला आणि सांगितलं, आता कधीच गरम होणार नाही. खरंच झाली नाही. पण डिसेंबरपासून गाडी १७ वरून १३ वर आली. टेम्परेचरचा काटा अगदी खालीच राहतो. सकाळी हीटर लावला तर वारा थंडच येतो. सर्व्हिसिंग वेळेवर आहे.
– एक गृहिणी, नांदेड

उत्तर : ताई, तो व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. आपल्या भागात उन्हाळ्यात तो काढून टाकायची पद्धतच पडली आहे. गाडी तात्पुरती गार होते म्हणून लोकांना पटतं. मला ती पद्धत मान्य नाही, आणि का ते नीट सांगतो.

इंजिन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं थर्मोस्टॅट बंद असतो. पाणी इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा त्या व्हॉल्व्हवरच कोरलेला असतो. तो काढला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, म्हणून फारसं जाणवलं नाही. डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही. कूलंटचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतो की इंजिन अजून थंड आहे, आणि कॉम्प्युटर थंड इंजिनाला द्यायचं तेवढं जादा पेट्रोल देत राहतो. तुमच्या पत्रातला खाली राहणारा काटा, थंड हीटर आणि पडलेलं ॲव्हरेज, या तिन्हींचं कारण एकच आहे.

पेट्रोल वाया जातं एवढंच असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर थर्मोस्टॅट बसवल्याबरोबर ऑइलही बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

नवा थर्मोस्टॅट कंपनीच्याच अंशांचा घ्या. मग मूळ प्रश्न उरतो, मे महिन्यात गाडी गरम का झाली? तो आजार तसाच आहे, नुसता झाकला गेलाय. मला पहिला संशय रेडिएटरचा. आपल्याकडे बोअरचं पाणी सर्रास रेडिएटरमध्ये ओततात. ते जड असतं, त्याचे क्षार आतल्या बारीक नळ्यांत साचतात आणि वरून पाणी भरलेलं दिसत असूनही फिरत नाही. रेडिएटर काढून आतून साफ करून घ्या. बाहेरच्या जाळीत धूळ-कचरा अडकलेला असतो, तो आतल्या बाजूने बाहेर पाण्याच्या हलक्या धारेने काढा. पंखा वेळेवर सुरू होतो का, रेडिएटरच्या झाकणाचं रबर शाबूत आहे का, हेही बघायला सांगा. भरताना तयार कूलंटच भरा. झाकण गरम गाडीचं कधीही उघडू नका, मुलांनाही हे सांगून ठेवा.

हे सगळं मार्च यायच्या आत करून घ्या. थर्मोस्टॅट बसवला आणि रेडिएटर तसाच ठेवला, तर मेमध्ये गाडी पुन्हा हिंगोलीच्या वाटेवर उभी राहील.

प्रश्न : गावात आणि साध्या रस्त्याला १९ देणारी आमची गाडी समृद्धी महामार्गावर १४-१५ देते. जालन्याहून नागपूरला दर महिन्याला जातो. रस्ता इतका चांगला, सिग्नल नाही, मग ॲव्हरेज वाढायला नको का? वर कॅरिअर लावलेलं आहे.
– एक व्यापारी, जालना

उत्तर : वेग किती ठेवता ते लिहिलं नाही, पण मी १२० धरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १२० ने गेलात, की वेग दीडपट होतो आणि हवेचा विरोध सव्वादोनपट. रस्ता कितीही गुळगुळीत असला, तरी हवा तिथेही आहे. वर कॅरिअर आहे, तेही रिकामं वारा अडवत असणार. १२० ही मर्यादा आहे, तेवढ्याने गेलंच पाहिजे असं नाही. एका खेपेला कॅरिअर काढून, एकसारख्या ९० ने, डाव्या लेनमधून जाऊन बघा. गाडीत दोष नाही असं मला वाटतं. टायरची हवा मात्र निघण्याआधी थंड टायरवर मोजा. लांब पल्ल्याच्या काँक्रीटवर कमी हवेचं टायर तापतं, आणि तिथे ॲव्हरेजपेक्षा जिवाचा प्रश्न असतो.

प्रश्न : ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटरला एकरी साडेचार-पाच लिटर डिझेल लागायचं. सोयाबीनची मळणी झाली आणि हरभऱ्यासाठी रान तयार करताना एकरी सात लिटर लागलं. लोड आला की काळा धूर टाकतो. मिस्त्री म्हणतो, डिझेल पंप उतरवून लातूरला पाठवू.
– एक शेतकरी, औसा तालुका

उत्तर : पंप उतरवू नका, निदान आज तरी नाही. पुन्हा तेच विचारतो, मधल्या काळात काय झालं? मळणी झाली. ट्रॅक्टर दिवस-दिवस मळणीयंत्राला लावून भुसकटाच्या धुरळ्यात उभा होता. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण ते जाळायला हवा पुरत नाही.

तुमच्या ट्रॅक्टरला ऑइल बाथचा एअर क्लीनर असेल, तर खालची वाटी काढा. त्यातलं तेल काळं, घट्ट, गाळासारखं झालेलं दिसेल. तेल टाकून द्या, वाटी डिझेलने धुवा. वरची जाळीही डिझेलमध्ये बुडवून, हलवून, निथळून घ्या. नवं इंजिन ऑइल वाटीवरच्या खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर तेच इंजिनात ओढलं जातं. सर्वात वरचा धूळ अडवणारा प्री-क्लीनर भुसकटाने गच्च भरलेला असेल, तोही रिकामा करा. क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळीला चीर पडली आहे का आणि क्लिप घट्ट आहेत का, ते बोट फिरवून बघा. तिथून धूळ शिरली तर पिस्टनच्या रिंगा एका हंगामात जातात. कागदी फिल्टर असेल तर तो धुवू नका, बाहेरचा बदला.

मग लोडवर धूर बघा. धूर गेला आणि डिझेल तरीही सहाच्या वर लागत असेल, तर रोटाव्हेटरची पाती बघा. झिजून टोकं गोल झालेली पाती माती कापत नाहीत, नुसती रेटतात. सगळा संच एकदम बदला, अर्धी जुनी अर्धी नवी ठेवू नका. पंपाचा विचार त्यानंतर. पुढच्या वर्षी मळणीच्या दिवसांत वाटीतलं तेल रोज संध्याकाळी बघा. तळाला बोटभर गाळ बसला, की तेल बदलायचं.